खिडकी क्रमांक दोन

गाडी दोन हजार आठच्या आधीची असेल
तर आम्ही इंजिनाचं पोट मोजतो,
नंतरची असेल तर तिचा धूर.
एवढं कळलं की माझं अर्धं काम कळलं.
उरलेलं अर्धं म्हणजे काचेपलीकडची माणसं.
ती वाकून विचारतात, “इतका?”
आणि मी ओशाळते, जणू हे दर मीच ठरवलेत
काल रात्री, भांडी विसळताना.

लीट्रिममध्ये उंच गाडी म्हणजे जीप, कंपनी कुठलीही असो.
मॅलकी गॅलोग्लीची वीस वर्षांची, तीन हजार दोनशे सीसी.
तो घोड्यांना नाल मारतो.
मागची सीट कधीच काढून टाकलेली;
तिथे ऐरण, नालांची पेटी, एक बादली,
आणि जळक्या खुरांचा वास,
जो कचेरीत त्याच्या आधी शिरतो.
म्हणून ती मालवाहू. म्हणून वर्षाला तीनशे तेहतीस.
घरची म्हणाल तर अठराशे नऊ.

दर वर्षी तो पोलिसांचा शिक्का असलेला कागद सरकवायचा:
ही गाडी सामाजिक, घरगुती वा खासगी कामासाठी
मी कधीही वापरणार नाही.
खाली सही, ऐरणीसारखी, बुडाला रुंद.
नऊ वर्षं मला त्या वाक्यात काही खटकलं नाही.

ऑक्टोबरात त्याची लेक गेली, बर्मिंगहॅमच्या इस्पितळात.
नात बोटीने आली,
सात वर्षांची, एक बॅग, एक रेनकोट,
नाव फिडेल्मा.

गाव केवढं ते. सगळं दिसतं.
शाळेच्या फाटकाशी ती जीप दिसली,
रविवारी चर्चच्या आवारात दिसली,
पुढच्या सीटवर पोर, मांडीवर नालांचा डबा,
तेवढाच माल.
मी दुकानाच्या काचेत केकांचे भाव वाचत उभी राहिले.
वाचायला होते तीनच केक. मी बराच वेळ वाचले.

जानेवारीत तो आला. कागदावर शिक्का नव्हता.
“घरचा दर लाव, अट्रॅक्टा.”
मी आवाज खाली घेतला. म्हटलं, मॅलकी,
तुला कोणी अडवलंय का?
(हे मी म्हणायला नको होतं. नोकरी आहे माझी.)

तो टोपीची कड चाचपत राहिला.
“तिला वाचता येतं,” म्हणाला.
“टेबलावर हा कागद होता. तिने मोठ्याने वाचला.
मग विचारलं,
आजोबा, मी सामाजिक की घरगुती?”

मागच्या रांगेत कोणी खोकलं.
छापयंत्र उगाच गुरगुरलं.

मी त्याला सगळं नीट सांगितलं, सांगावंच लागतं:
दुसऱ्या खात्याचे वेगळे कागद, कदाचित वेगळा कर,
विमेवाल्याला कळवणं,
आणि तीन-तीन महिन्यांचा भरलास
तर वर्षाला जास्तच पडतो.
गरजवंताला अक्कल नसते म्हणतात.
खोटं आहे. त्याच्याकडे फक्त सुटे पैसे नसतात.
त्याने पाचशे अकरा मोजले,
नोटांना खुरांचा वास,
शेवटचा एक युरो नाण्यांत.

“आणि सीट?”
“आहे की. कोंबड्यांच्या खोपटात.
पण लाल कोंबडी बसलीय तिच्यावर, अंड्यांवर.
अजून बारा दिवस.”

कराला काही बारा दिवसांची सूट नाही.
मी तारीख आजचीच टाकली.
गोल चकती छिद्रांच्या रेषेवरून फाडायला गेले,
तर म्हणाला, राहू दे,
ते तिला करायचंय.